धानाच्या मुलुखातील तिबेट

कोहमाऱ्याच्या चौकात राष्ट्रीय महामार्ग सोडून दक्षिणेस नवेगावबांधकडे वळले की धानाच्या बांध्या आणि जंगल यांचा मुलूख लागतो. याच भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावनजीक, तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून वसली आहे. १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग मायदेश सोडलेल्या या पहाडी माणसांनी विदर्भाचा उन्हाळा सोसला, धानाची शेती आपलीशी केली आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकून संसार उभे केले.

आता येथेच जन्मलेल्या पिढ्यांचा प्रश्न आहे. १९५० ची २६ जानेवारी ते १९८७ चा जून या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच नागरिक ठरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. त्यानंतर जन्मलेल्यांचा हक्क मात्र मातापित्यांच्या नागरिकत्वावर अवलंबून आहे. नागरिकत्व स्वीकारावे, तर मायदेशावरील दावा सैल होण्याची भीती. न स्वीकारावे, तर सरकारी नोकरीचे दार बंद. आश्रय देण्यात भारताने औदार्य दाखविले, यात शंका नाही. परंतु याच मातीत वाढलेल्या मुलांना किती पिढ्या पाहुणे मानावयाचे, याचा विचार आता व्हावयास हवा.