इन्सुलिन घेऊन कॉकपिटमध्ये

विमान हवेत असताना वैमानिक बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतो, ग्लुकोमीटरवरचा आकडा नोंदवून ठेवतो आणि पुन्हा कामाला लागतो. तासाभराने पुन्हा तेच. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांना हा नियम घालून देण्यात आला. २०१२ पासून तिथे अशा वैमानिकांना क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र मिळू लागले.

त्याआधी इन्सुलिन सुरू झाले की करिअर संपल्यात जमा असे. डग्लस केर्न्स हे ब्रिटिश हवाई दलातले वैमानिक. १९८९ मध्ये त्यांना टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले आणि उड्डाण थांबले. पुढे २००३ मध्ये त्यांनी स्वतः विमान चालवत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. या बंदीमागची भीती मात्र खोटी नव्हती. इन्सुलिनमुळे रक्तातली साखर एकदम उतरली तर माणूस गोंधळतो, प्रसंगी बेशुद्ध पडतो.

मग परवानगी कशाच्या बळावर मिळाली? हवाई वैद्यकात ‘एक टक्का नियम’ म्हणून एक हिशेब प्रसिद्ध आहे. एखादा वैमानिक वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्का आहे असे धरा. वर्षाचे तास ढोबळमानाने दहा हजार, म्हणजे तासाला दहा लाखांत एक. पण खरा धोका उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी, म्हणजे एकूण वेळेच्या दहाव्या हिश्शात. तेव्हाही शंभरातल्या नव्याण्णव वेळा सहवैमानिक विमान सावरतो. हे सगळे गुणले की अपघाताची शक्यता तासाला अब्जात एक इतकी खाली येते. दोन वैमानिकांच्या विमानात एवढी जोखीम स्वीकारार्ह मानली जाते. म्हणूनच इन्सुलिन घेणाऱ्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये दुसरा वैमानिक सोबत असावाच लागतो.

मधुमेहात ही जोखीम मोजता येते, कारण साखर मोजता येते. ब्रिटनने सिग्नलसारखे तीन रंग ठरवले. साखर साधारण ९० ते २७० मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर हिरवा. ९० च्या खाली गेली की पिवळा. लगेच १० ते १५ ग्रॅम कर्बोदके घ्यायची आणि पुन्हा तपासायचे. ७२ च्या खाली लाल. विमान सहवैमानिकाच्या हाती द्यायचे. वरच्या बाजूला २७० नंतर पिवळा, ३६० नंतर लाल. सामान्य माणसाला २०० ही साखर जास्तच वाटेल, पण आकाशात कमी साखरेचा धोका मोठा, म्हणून पट्टा मुद्दाम वर सरकवला आहे.

ही पद्धत कसोटीला कितपत उतरली? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४९ वैमानिकांची २२,०७८ तासांची उड्डाणे आणि साखरेच्या ३८,६२१ नोंदी तपासल्या गेल्या. ९७.६९ टक्के नोंदी हिरव्या होत्या, खालच्या लाल पट्ट्यात ०.१२ टक्के. उड्डाणात वैमानिक निकामी झाल्याचा एकही प्रसंग नोंदला गेला नाही. अमेरिकेनेही २०१९ च्या अखेरीस अंगावरच्या सेन्सरने सतत साखर मोजण्याच्या अटीवर एअरलाइन वैमानिकांसाठी दार उघडले.

प्रत्येक आजाराला असा हिशेब लागू होईलच असे नाही, आणि प्रत्येक देशाचे नियमही वेगळे आहेत. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. तेव्हा पायलट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना कळकळीची विनंती: कर्ज काढून फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी त्यासाठीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, तज्ज्ञांचे मत सोबत न्या. ‘अनफिट’ शेरा मिळाला तर कारण समजून घ्या आणि फेरतपासणीची वाट विचारा. काहीही झाले तरी आजार लपवू नका. ब्रिटनमधल्या वैमानिकांना कॉकपिट परत मिळाले, ते त्यांनी आपला आजार उघडपणे मोजू दिला म्हणून.