मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे : पॉलिश किती आणि कधी?

नवी मोटार घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली की एखाद्या रात्री पेट्रोल पंपावरील प्रखर दिव्याखाली तिच्या मालकाला एक अनपेक्षित दृश्य दिसते. बॉनेटवर जेथे दिव्याचे प्रतिबिंब पडलेले असते, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेषांची वलये उमटलेली असतात. दिवसा सावलीत हीच मोटार निष्कलंक भासते. व्यवसायात या ओरखड्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. ते दिसले की गॅरेजमध्ये जाऊन ‘रबिंग-पॉलिश’ करून घ्यावे, असा विचार स्वाभाविकपणे मनात येतो. मात्र पॉलिश हे ओरखडे भरून काढत नाही, तर त्यांच्या आजूबाजूचा थर घासून कमी करते. त्यामुळे हा थर किती आहे आणि त्यातील किती खर्च करावयाचा, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

केसाहून पातळ थर

आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाचे अनेक थर असतात. पोलादी पत्र्यावर रासायनिक प्रक्रिया केल्यानंतर तो द्रवाच्या टाकीत बुडवून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक लेप चढविला जातो. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक दशांश भागाहून थोडी अधिक असते. त्यातील क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. मनुष्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतल्यास या थराचा नाजूकपणा ध्यानात येईल.

मोटारीची झळाळी या थरामुळे असते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. हलके ओरखडे या थराच्या अगदी वरच्या भागात, एखाद-दोन मायक्रॉन खोलीपर्यंतच गेलेले असतात. बोटाचे नख हलकेच फिरवून पाहावे. ते ओरखड्यात अडकले, तर तो ओरखडा खोल आहे आणि पॉलिश करून तो सुरक्षितपणे जाणार नाही, असे समजावे.

वलयांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मोटार गोलाकार पुसल्यामुळे गोल ओरखडे पडतात, असे मानले जाते. प्रत्यक्षात हे ओरखडे सर्व दिशांना विखुरलेले असतात. त्यांपैकी जे ओरखडे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात, तेच डोळ्याकडे प्रकाश परतवितात आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसते. रोज घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या ताटात दिव्याचे प्रतिबिंब पाहिल्यास हाच प्रकार आढळतो. आपण डोके हलविले की वर्तुळही आपल्याबरोबर सरकते. गडद रंगाच्या मोटारींवर हे ओरखडे अधिक उठून दिसतात. पांढऱ्या मोटारीवर ते तितकेच असले, तरी रंगच भरपूर प्रकाश परतवीत असल्याने ते झाकले जातात.

फडके आणि बादली

ओरखड्यांचे मूळ बहुतेक वेळा धुळीत आणि पुसण्याच्या पद्धतीत सापडते. धुळीत आणि वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या मोहस् श्रेणीत क्वार्ट्झची कठीणता ७ आहे. खिडकीची काचही त्याहून मऊ असते, मग क्लिअर कोटची काय कथा? उन्हाळ्यात राजस्थानकडून येणाऱ्या धुळीच्या वादळांनंतर दिल्लीतील मोटारींवर जो थर साचतो, तो कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे बॉनेटवर अत्यंत बारीक पॉलिश पेपर फिरविण्यासारखेच आहे.

महानगरांतील निवासी संकुलांमध्ये पहाटे मोटारी पुसून देणारे कामगार एक बादली आणि एक-दोन फडकी घेऊन अनेक मोटारी स्वच्छ करतात. तिसऱ्या-चौथ्या मोटारीपर्यंत बादलीतील पाणी गढूळ झालेले असते. याचा दोष त्या कामगारांना देणे योग्य ठरणार नाही. पाणी मोजके मिळते, वेळ थोडा असतो आणि मोटार रोज चकचकीत दिसावी ही अपेक्षा मालकाचीच असते. पाण्याची अडचणही खरी आहे. मार्च २०२४ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात बंगळूर येथील पाणीपुरवठा मंडळाने मोटारी धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी ५ हजार रुपये दंड जाहीर केला होता. अशा वेळी मोटार न पुसता धुळीनेच भरलेली ठेवणे रंगाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते, हे अनेकांना पटत नाही.

पॉलिश करण्याची रीत

पॉलिशमध्ये प्रामुख्याने ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. फोमच्या पॅडने ते फिरविले की ओरखड्याच्या दोन्ही काठांचा पृष्ठभाग किंचित खाली येतो. येथे एक बाब महत्त्वाची आहे. ओरखडा दिसेनासा होण्यासाठी त्याचा तळ गाठावाच लागतो असे नाही. त्याचे धारदार काठ गोलसर झाले, तरी ते प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाहीत आणि रेषा नजरेस पडत नाही. सौम्य पॉलिशने काम भागते, ते यामुळेच.

कामास आरंभ करण्यापूर्वी मोटार स्वच्छ धुऊन सावलीत पूर्ण थंड होऊ द्यावी. नंतर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पृष्ठभागावरून बोटे फिरवावीत. बारीक खरखर जाणवल्यास रंगावर धातूचे किंवा सिमेंटचे कण चिकटलेले आहेत, असे समजावे. मळलेल्या कणकेसारखा दिसणारा ‘क्ले’ भरपूर ओलाव्यासह फिरवून ते काढून घ्यावेत. असे न केल्यास हेच कण पॅडखाली सापडून नवे ओरखडे निर्माण करतात. काळे प्लॅस्टिक, रबरी पट्ट्या आणि पत्र्याच्या कडा यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो आणि चुकून पत्रा उघडा पडतो, तो बहुधा तेथेच.

यानंतर संपूर्ण मोटारीस हात न लावता बॉनेटवरील दीड-दोन फुटांचा चौकोन चाचणीसाठी निवडावा. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश यांनीच सुरुवात करावी. पॅडवर पॉलिशचे तीन-चार थेंब पुरेसे असतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी पॉलिश त्या चौकोनात पसरवून घ्यावे, अन्यथा त्याचे शिंतोडे सर्वत्र उडतात. नंतर सेकंदाला साधारण एक इंच या वेगाने यंत्र आधी आडवे व मग उभे फिरवावे आणि अशा चार ते सहा फेऱ्या कराव्यात. हाताचा भार यंत्राच्या वजनाहून फारसा अधिक नसावा. शेवटी मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून विजेरीच्या उजेडात पाहावे. ओरखडे पुरेसे कमी झाले असल्यास हीच पद्धत सर्वत्र वापरावी. तसे न झाल्यास आधी पॅड बदलून पाहावे आणि त्यानंतरच पॉलिश एक पायरी तीव्र करावे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करणे आवश्यक आहे.

यंत्राची निवड निर्णायक ठरते. ‘रोटरी’ यंत्राचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. ते वेगाने काम करते. पण उष्णता एका जागी साचते आणि अननुभवी हातात रंग करपण्याचा धोका असतो. त्याने उमटलेले ‘होलोग्राम’ नावाचे लाटांसारखे पट्टे उन्हात स्पष्ट दिसतात. ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्राचे पॅड स्वतःभोवती फिरत असतानाच लहान वर्तुळात सरकतही असते. या प्रकारच्या अनेक यंत्रांत दाब वाढताच पॅडचे फिरणे मंदावते, त्यामुळे नवशिक्यासाठी तेच योग्य. काही गॅरेजमध्ये लोखंड घासण्याच्या ग्राइंडरलाच बफ बसवून काम केले जाते. छोटे ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतात. ते मोटारीच्या रंगाजवळ येऊ न देणेच बरे.

यंत्र नसल्यास दरवाजाच्या मुठीमागील खोलगट भागासारखी लहान जागा फोमच्या तुकड्याने हातानेही पॉलिश करता येते. संपूर्ण बॉनेट हाताने एकसारखे करणे मात्र कष्टाचे असून परिणाम बहुधा असमान येतो.

कोठे थांबावे?

हलक्या पॉलिशने एका वेळी साधारण एक-दोन मायक्रॉन थर निघतो. तीव्र कंपाउंडने याहून कितीतरी अधिक निघू शकतो. वर्षातून दोनदा ‘रबिंग’ करून घेणाऱ्या मालकाच्या मोटारीवर काही वर्षांत काय उरेल, याचा हिशेब कठीण नाही. क्लिअर कोट प्रमाणाबाहेर पातळ झाला की बॉनेट आणि छतावर पांढुरके चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात. त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही. तो भाग नव्याने रंगविणे हाच मार्ग उरतो.

जाडी मोजण्याची उपकरणे मिळतात. पोलादावर ती चुंबकीय तत्त्वाने मोजमाप करतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र ही नेहमीची उपकरणे निरुपयोगी ठरतात. शिवाय ती सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवितात, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. जुनी मोटार विकत घेतलेली असल्यास पूर्वीच्या मालकाने किती घासले हे कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी हात आखडता घ्यावा. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीचे ७०-८० टक्के ओरखडे गेले तरी ते पुष्कळ झाले. उरलेल्यांचा पाठपुरावा केवळ प्रदर्शनासाठी जपलेल्या मोटारींना शोभतो.

मॅट रंगाच्या मोटारीस पॉलिश मुळीच लावू नये, कारण त्या जागी कायमचा चमकदार डाग पडतो. जुन्या मोटारींवर पारदर्शक थराविना एकथरी रंग असू शकतो. पॉलिश करताना पॅडवर मोटारीचा रंग उतरला, तर ते त्याचेच लक्षण होय.

गॅरेजमधून झळाळत आलेल्या मोटारीवर दोन-चार धुण्यांनंतर तेच ओरखडे परत दिसू लागले, तर ते निघालेच नव्हते, तेल किंवा मेणाने झाकले होते, असे मानण्यास हरकत नाही. त्याची शहानिशा काम झाल्यावर तेथेच करता येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून थोडा भाग पुसून पाहावा.

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातींत ‘९ एच’ हा आकडा ठळकपणे झळकतो. तो पेन्सिलच्या कठीणतेच्या श्रेणीतील आहे, खनिजांच्या श्रेणीतील नाही. या लेपाने पाणी आणि मळ सहज निथळतो, हे खरे. परंतु वाळूचा कण त्यावरही ओरखडा काढू शकतो. वाहननिर्मात्यांनीही या प्रश्नावर उपाय शोधले आहेत. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस सूक्ष्मकणयुक्त क्लिअर कोट आणला, तर जपानच्या निस्सान कंपनीने २००५ मध्ये हलके ओरखडे आपोआप भरून येणारा लवचीक थर जाहीर केला.

पॉलिश केल्यानंतरची निगा त्यामानाने स्वस्त आहे. पाणी कमी असल्यास ‘रिन्सलेस वॉश’ हे द्रावण ८-१० लिटर पाण्यात मिसळून एक मोटार स्वच्छ करता येते. प्रथम द्रावण फवारून धूळ भिजू द्यावी. मायक्रोफायबरच्या कापडाची चार पदरी घडी घालून प्रत्येक भागासाठी नवी बाजू वापरावी. छतापासून सुरुवात करून दरवाजांचा खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा. वापरलेले कापड त्या बादलीत पुन्हा बुडवू नये. काम करताना कापड जमिनीवर पडल्यास ते झटकून न वापरता बाजूला ठेवावे आणि धुतल्यानंतर केवळ चाकांसाठी वापरावे.