काळ्या मातीतील देवाणघेवाण

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एखाद्या घरी मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी थापली जाते, तेव्हा तिच्यातील पोटॅशियम आणि मॅग्नेशियम काळ्या जमिनीतून आलेले असते. पावसाच्या पाण्याने ही द्रव्ये वाहून का गेली नाहीत, याचे उत्तर मातीच्या विद्युत्प्रभारात आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज विपुल असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते. तीन धनप्रभारांच्या जागी दोनच आल्याने पापुद्र्यावर ऋणप्रभार शिल्लक राहतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे धनप्रभारित कण, म्हणजे धन आयन, त्याला धरून राहतात. नायट्रेट स्वतः ऋणप्रभारित असल्याने त्याला हा आधार नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरते. काळ्या मातीची ही धारणक्षमता कोकणातील जांभ्या मातीच्या कितीतरी पट असते.

धरलेले आयन बदलीवर सुटतात. पिकाचे मूळ हायड्रोजन आयन सोडते आणि त्याच्या मोबदल्यात पोषक आयन घेते. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन व वे यांनी अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून झिरपवले. खाली उतरले ते कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम.

मात्र हाच नियम जमीन बिघडवूही शकतो. कॅल्शियमची पकड सोडियमपेक्षा घट्ट असते. तरीही सिंचनाच्या पाण्यात सोडियम सतत अधिक राहिले आणि निचरा नसला, तर केवळ संख्याबळावर ते कॅल्शियमला हुसकावते. मग चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी जिरत नाही. ही चोपण जमीन होय. खारवट जमीन निराळी: तिच्यातील जादा क्षार पाण्यात विरघळलेले असतात व चांगल्या पाण्याने, निचरा असल्यास, धुऊन जातात. सरसकट ‘क्षारपड’ म्हणण्यापेक्षा शेतकऱ्यांची ही शब्दजोडी अधिक नेमकी आहे, कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत. विनिमयाच्या जागांपैकी १५ टक्क्यांहून अधिक जागा सोडियमने व्यापल्या की जमीन चोपण मानण्याचा संकेत आहे. भारी काळ्या जमिनीत त्रास त्याआधीच जाणवू लागतो.

चोपण जमिनीत नुसते पाणी देऊन भागत नाही. तेथे जिप्सम घालतात. त्यातील कॅल्शियम पापुद्र्यावर परत जागा मिळवते आणि सुटलेले सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरते. ते पाणी बाहेर नेणारे चर आधी खोदलेले नसतील, तर सोडियम त्याच शेतात राहते आणि जिप्समचा खर्च वाया जातो.