गोड ज्वारी : वाणनिवड आणि इथेनॉलचे अर्थकारण

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे सुरू झाला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने इथेनॉलसाठीच्या कच्च्या मालात ऊस व शर्कराकंदाबरोबर गोड ज्वारीचाही समावेश केला. २०२२ मध्ये या धोरणात दुरुस्ती होऊन २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० ऐवजी २०२५-२६ वर आणण्यात आले. उद्दिष्ट जसजसे वाढते, तसतसा उसाच्या पाण्याचा प्रश्नही गंभीर होतो. गोड ज्वारीचे महत्त्व येथे आहे.

गोड ज्वारी ही ज्वारीचीच एक जात असून तिच्या ताटात साखरयुक्त रस साठतो. पीक सुमारे चार महिन्यांत तयार होते. उसाला १२ ते १८ महिने लागतात व पाणीही कितीतरी अधिक लागते. कणसातील दाणे अन्नासाठी, रस इथेनॉलसाठी आणि चोथा जनावरांच्या चाऱ्यासाठी असा तिहेरी उपयोग होत असल्याने ‘अन्न की इंधन’ हा संघर्ष येथे सौम्य होतो.

महाराष्ट्रात या पिकावरील कामाचा मान फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेकडे जातो. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने १९७० च्या दशकात गोड ज्वारीवर काम सुरू केले आणि पुढे ‘मधुरा’ हा वाण विकसित केला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले अमृता’ हाही याच प्रकारातील वाण होय.

वाण निवडताना पैदासकार प्रथम रसातील विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण, म्हणजेच ‘ब्रिक्स’, रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. मात्र केवळ गोडी पुरेशी नसते. ताटाचे वजन, रसाचे प्रमाण, धान्याचे उत्पादन आणि खोडमाशी व खोडकिडा यांना प्रतिकार या सर्वांचा मेळ घालावा लागतो. संकरित वाणासाठी नर-वंध्य मादी वाण वापरला जातो. परंतु रसाची गोडी संकरातही टिकावी यासाठी दोन्ही पालक वाण शक्यतो गोड असावे लागतात. रब्बीत लहान दिवस व थंडी यांमुळे ताटाची वाढ घटते. म्हणून दिवसमान व तापमान यांना कमी संवेदनशील वाणांचा शोध महत्त्वाचा ठरतो.

खरी कसोटी शेताबाहेर लागते. कापणीनंतर ताटातील साखर लवकर घटते. त्यामुळे गाळप एक-दोन दिवसांत व्हावे लागते. दूरवरून वाहतूक केल्यास साखर आणि नफा दोन्ही घटतात. कापणीचा हंगामही थोड्या आठवड्यांचा असल्याने केवळ या पिकावर चालणारा कारखाना वर्षातील बराच काळ बंद राहतो. यावर दोन उपाय सुचविले जातात : गावपातळीवर रस काढून त्याचा टिकाऊ पाक करणे आणि साखर कारखान्यांच्या आसवन्या ऊस नसलेल्या काळात या पिकावर चालविणे. शिवाय वेगवेगळ्या मुदतीत पक्व होणारे वाण लावल्यास पुरवठ्याचा कालावधी वाढविता येतो.

सारांश, उत्तम वाण ही पहिली अट असली तरी ती एकमेव अट नाही. ताटांना धान्य व कडब्याच्या उत्पन्नापेक्षा अधिक लाभ देणारा भाव आणि खरेदीची हमी मिळाली, तरच कोरडवाहू शेतकरी या पिकाकडे वळेल.