आतड्याने श्वास घेणारा मासा

टाकीत सोडलेले सहा कुली लोच मासे पाच मिनिटांत दिसेनासे झाले, तर घाबरू नका. ते आहेत तिथेच. कुणी ओंडक्याखाली, कुणी फिल्टरमागच्या फटीत, आणि एखादा गळ्यापर्यंत वाळूत शिरून नुसतं मिशाळ तोंड बाहेर ठेवून बसलेला.

बोटभर लांब, शिसपेन्सिलीपेक्षा बारीक, पिवळसर-गुलाबी अंगावर गडद पट्टे. वळवळत निघाला की सापाचं पिल्लूच वाटतं. ‘कुली’ हे नाव मात्र एका माणसावरून आलं. हाइनरिख कूल हा जर्मन निसर्ग-अभ्यासक १८२० च्या अखेरीस जावा बेटावर पोचला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तिथेच वारला. वय अवघं २३. १८४६ मध्ये व्हालांसिएन या फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञाने जावातल्या या माशाला कूलचं नाव दिलं. (दुकानात कुली म्हणून मिळतात त्यांतले पुष्कळसे मात्र त्याचे चुलतभाऊ असतात.)

त्याचं घर म्हणजे जंगलातले संथ ओहोळ. तळाशी गळलेल्या पानांचा थरावर थर, पाणी कोऱ्या चहासारखं. तिथे उजेड नाही, वावरायला जागा फटींएवढीच. म्हणून अंग दोरीसारखं. म्हणूनच डोळे इवलेसे, आणि वाळूने ओरखडू नयेत म्हणून त्यांच्यावर पारदर्शक कातडीचा पडदा. अन्न शोधायचं काम मिशांचं. शिवाय डोळ्यांखाली घडी घालून ठेवता येणारा दुभंगलेला काटा! संकट आलं की तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो. त्यामुळे हा मासा जाळीने न धरता वाटीने उचलावा. असाच काटा आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत राहणाऱ्या पट्टेरी बोटिया स्ट्रायाटालाही असतो. तोही टाक्यांसाठी विकला जातो, पण सह्याद्रीबाहेर तो निसर्गात कुठेच नाही आणि आता संकटग्रस्त आहे. विकत घेण्याआधी तो नदीतून पकडलेला तर नाही ना, हे जरूर विचारा.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. कुजणाऱ्या पानांच्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो. तेव्हा लोच सरळ वर झेपावतो, हवेचा घोट गिळतो आणि परत तळाशी जातो. आतड्याच्या मागच्या भागाचं अस्तर पातळ असतं आणि त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथे हवेतला प्राणवायू रक्तात उतरतो, उरलेली हवा गुदद्वारातून बुडबुडा होऊन निघून जाते. कल्ले आहेतच, पण वेळप्रसंगी पोटही फुप्फुसाचं काम करतं! तुमचे लोच सारखेच वर धावू लागले, तर मात्र कौतुक बाजूला ठेवून आधी पाणी बदला.

टाकीत त्याला बारीक, गुळगुळीत वाळू द्या. टोकदार खड्यांनी मिशा झिजतात. पाणी २४ ते २८ अंशांचं. फिल्टरच्या नळीच्या तोंडावर स्पंज हवाच, नाहीतर आत शिरलेला लोच शोधत बसावं लागतं. वर घट्ट झाकण. बदामाच्या झाडाची गळून वाळलेली पानं धुऊन टाका, पाण्याला हळूहळू चहाचा रंग चढतो. आणि एकटादुकटा कधीच ठेवू नका. पाचसहा जण असले की ते एकाच फटीत एकमेकांवर वेटोळी घालून निवांत पडतात, आणि धीटही होतात.

रात्री दिवे मालवून तासाभराने मंद बॅटरी लावून पाहा. दिवसभर रिकामी वाटलेली टाकी वळवळत असते. वाळूचे घास तोंडात जातात, अन्न आत राहतं, वाळू कल्ल्यांतून झिरपते. एखादी जाडसर मादी काचेला टेकून वर निघाली तर तिच्या पोटाकडे नीट बघा. कातडीतून आतली अंडी दिसतात, कोवळ्या मटारासारखी हिरवीगार.