योजना कोणासाठी आणि कोणाच्या विचाराने?

लातूरकरांची तहान भागविण्यासाठी २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके नासली आणि नदीकाठच्या अनेक शिवारांतून पिकांबरोबर मातीही वाहून गेली. दहा वर्षांच्या आत एकाच प्रदेशाने अवर्षण आणि महापूर ही दोन्ही टोके अनुभवली. यास दैवगती म्हणून स्वस्थ बसण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. तापलेली हवा अधिक बाष्प धारण करते. त्यामुळे पाऊस येतो तो कोसळतो, आणि दोन पावसांमधील उघाडही लांबत जाते, हे शास्त्रज्ञांनी सप्रमाण दाखविले आहे.

शासन या संकटाविषयी उदासीन आहे, असे आम्ही म्हणणार नाही. राज्याचा हवामानबदलविषयक कृती-आराखडा २०१४ मध्येच तयार झाला. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून पंधरा जिल्ह्यांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. गावोगाव समित्या स्थापन झाल्या आणि पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घालून देण्यात आली. ही दिशा योग्यच होय. तथापि समितीचे काम तुषारसंचाच्या नि शेडनेटच्या अर्जांवर शिक्कामोर्तब करण्यापुरतेच उरले, तर त्यास अनुदानवाटप म्हणता येईल, नियोजन म्हणता येणार नाही. ज्याने पेरायचे, ज्याने कर्ज काढायचे आणि ज्याने नुकसान सोसायचे, त्याला योजना आखताना विचारले होते काय, हा आमचा प्रश्न आहे.

शेतकऱ्याला काय समजते, असे विचारणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच अनुभव पाहावा. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवर शेतकऱ्यांनी फड पद्धतीने शतकानुशतके पाण्याची वाटणी केली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकरापुरते द्यावयाचे, भूमिहीनासही त्यात वाटा ठेवावयाचा आणि ऊस लावावयाचा नाही, असा तिचा दंडक होता. हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गाव दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडते, त्याप्रमाणे पिके ठरविते आणि शेतीसाठी कूपनलिका घेऊ देत नाही. असे कठोर निर्बंध वरून लादले असते तर ते आठवडाभरही टिकले नसते. गावाने स्वतः घातले, म्हणूनच ते पाळले गेले.

याउलट चित्रही विसरता कामा नये. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले. संवादाची वेळ टळली की काय घडते, याचे याहून दारुण उदाहरण नाही. आपल्या घरच्या नळाचे पाणीही कोणाच्या तरी शिवाराशी बांधलेले आहे, हे शहरवासीयांनी ध्यानी धरावे. शेतकऱ्याशी सल्लामसलत ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती शहराचीही गरज आहे.

असे केल्याने विलंब होईल, गावातील बलदंडच सभा ताब्यात घेतील, हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय सभा टाळणे हा नसून सभा खरी करणे हा आहे. 'शेतकरी' म्हणजे सातबारावरील नाव, एवढाच अर्थ घेतला, तर बियाणे निवडणारी नि निंदणी करणारी स्त्री, कूळ आणि मजूर हे सारेच बाहेर राहतात. आणि खाडा झाला की मजुरी बुडते ती प्रथम त्यांचीच.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीकडे सोपवावयाच्या विषयांत कृषी हा पहिलाच विषय आहे. तेव्हा प्रत्येक गावाचा हवामान-आराखडा ग्रामसभेत, पेरणीपूर्वी आणि मराठीतून मांडला जावा. स्त्रिया व भूमिहीन यांची मते वेगळी नोंदवावीत. ग्रामसभेची सूचना फेटाळावयाची असल्यास अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावे. गावास काही निधी स्वतःच्या निर्णयाने खर्च करता यावा. शास्त्रज्ञाने पावसाचा अंदाज सांगावा, शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा स्वभाव सांगावा, आणि दोघांनी मिळून पीक ठरवावे.

आकाशावर कोणाचीच सत्ता चालत नाही. पण ग्रामसभा वेळेवर बोलावणे आणि तिचे म्हणणे मनःपूर्वक ऐकणे शासनाच्या हाती पूर्णपणे आहे. येत्या पेरणीपूर्वी तेवढे तरी व्हावे.