७५२ चा अ‍ॅव्हरेज आणि आपला गल्ला : विदर्भाच्या क्रिकेट टीमचे आकडे दुकानदाराच्या नजरेतून



या आठवड्याच्या व्हिडिओत मी विदर्भाच्या रणजी टीमचे आकडे फळ्यावर मांडले होते. वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण हिशोब इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. क्रिकेट आवडत नसेल तरी वाचा, कारण शेवटी गोष्ट तुमच्या गल्ल्याचीच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे ट्रॉफी सुरू होती. दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या एका पोरानं मोबाईलवर स्कोअर बघत मला विचारलं, "काहो दादा, करुण नायरचा अ‍ॅव्हरेज सातशे बावन म्हणते. म्हंजे हा गडी दर मॅचले सातशे रन काढते काय?"

मी हसलो. पण रात्री कीर्द लिहिताना वाटलं, प्रश्न पोराचा आहे, पण चूक तर मीच केली होती. आपल्या स्वतःच्या दुकानाच्या बाबतीत. ती पुढे सांगतोच.

अ‍ॅव्हरेज नेमका कशाला म्हणतात?

क्रिकेटमध्ये बॅटिंगचा अ‍ॅव्हरेज म्हणजे एकूण रन भागिले किती वेळा आउट झाला. किती वेळा खेळला त्यानं भागत नाहीत. नॉट आउट राहिला तर रन वर जमा होतात, खाली भाजक वाढत नाही.

त्या स्पर्धेत करुण नायर विदर्भाचा कॅप्टन होता. त्याच्या आठ इनिंग अशा :

११२ नॉट आउट, ४४ नॉट आउट, १६३ नॉट आउट, १११ नॉट आउट, ११२, १२२ नॉट आउट, ८८ नॉट आउट आणि फायनलमध्ये २७.

फायनलच्या आधी सात इनिंगमध्ये ७५२ रन आणि आउट फक्त एकदा. म्हणून अ‍ॅव्हरेज ७५२. बडोद्याच्या फायनलमध्ये कर्नाटकाविरुद्ध २७ वर आउट झाला. एकूण रन झाले ७७९, आउट दोनदा, आणि अ‍ॅव्हरेज एका दिवसात ७५२ वरून ३८९.५० वर. रन वाढले आणि अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आला! विदर्भ ती फायनल ३६ रननी हरला.

आता साध्या दुकानदारी पद्धतीनं मोजू. ७७९ भागिले आठ इनिंग, म्हणजे दर इनिंगला ९७ च्या वर थोडे. आणि आठही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले (२७, ४४, ८८, १११, ११२, ११२, १२२, १६३) तर मधले दोन येतात १११ आणि ११२. त्यांचा मध्य १११.५. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात, इंग्रजीत मीडियन.

माणूस एकच, रन तेच. आकडे मात्र ७५२, ३८९.५०, ९७ आणि १११.५. यातला एकही खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कोणी तुम्हाला "आमचा अ‍ॅव्हरेज एवढा आहे" असं सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारा : कशानं भागलं?

एक ३०३ आणि बाकी सगळं

आता त्याच खेळाडूचा दुसरा हिशोब. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध त्यानं ३०३ नॉट आउट केले. भारताकडून कसोटीत तीनशे करणारा सेहवागनंतरचा तो दुसराच. त्या २०१६-१७ च्या मोसमातल्या त्याच्या पहिल्या सहा कसोटींमधल्या सात इनिंग बघा : ४, १३, ३०३ नॉट आउट, २६, ०, २३, ५.

एकूण ३७४ रन, सहा वेळा आउट, अ‍ॅव्हरेज ६२.३३. कागदावर एकदम मोठा खेळाडू. पण मध्यक काढा : ०, ४, ५, १३, २३, २६, ३०३. मधला आकडा १३. ती एक इनिंग बाजूला काढली तर उरलेल्या सहात मिळून ७१ रन. नंतर त्याला भारताकडून पुन्हा कसोटी खेळायला २०२५ साल उजाडावं लागलं.

मी त्याला कमी लेखत नाही. तीनशे काढणं खायचं काम नाही. मुद्दा एवढाच की ६२ हा आकडा बघून "हा दरवेळी साठ-सत्तर करेल" असं धरून चालाल, तर फसाल.

आणि मी नेमका असाच फसलो. आमच्या कामरगावात माझं स्टेशनरी आणि जनरलचं दुकान. दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी जून-जुलैत शाळा उघडल्या आणि वह्या-दप्तरांवर गिऱ्हाईक तुटून पडलं. मी मे ते जुलै या तीन महिन्यांचा सरासरी धंदा काढला, बीबीएची डिग्री होतीच, छान तक्ता केला, आणि त्या सरासरीवर हप्ता बांधून नवं काउंटर आणि झेरॉक्स मशीन घेतलं. ऑगस्टचा हप्ता गेला. सप्टेंबरचा ओढूनताणून गेला. ऑक्टोबरमध्ये आईची पोत गहाण ठेवावी लागली. आई एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जून-जुलै हे माझे ३०३ होते. हप्ता मात्र बाराही महिने येतो.

तुमच्याकडे शाळा नसेल तर आठवडी बाजार असेल, सोयाबीन निघाल्यावरचे पंधरा दिवस असतील, लग्नसराई असेल. समजा आठवड्याची विक्री अशी आहे : ३, ४, ४, ४, ५, ५ हजार आणि बाजाराच्या दिवशी २४ हजार. एकूण ४९ हजार, रोजची सरासरी ७ हजार. पण आठवड्यातल्या सहा दिवशी तुमच्या गल्ल्यात ७ हजार येतच नाहीत! मध्यक आहे ४ हजार. रोजचा खर्च, पिग्मी, हप्ता, पोराचा पगार हे ४ हजारांवर बांधा. बाजाराच्या दिवसाचे जास्तीचे पैसे माल भरायला आणि अडीअडचणीला ठेवा.

पाच रनची किंमत

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं आपली टीम फायनललासुद्धा गेली नव्हती. मग २०१७-१८ मध्ये इंदोरला दिल्लीला ९ विकेटनी हरवून पहिला चषक आणला. फैज फजल कॅप्टन, चंद्रकांत पंडित कोच, आणि फायनलमध्ये रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्याच वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून दुसरा. २०२३-२४ मध्ये मुंबईकडून फायनल हरलो. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध तिसरा चषक.

आता यातले फरक बघा. २०१७-१८ ची सेमीफायनल कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध : विदर्भ फक्त ५ रननी जिंकला. २०१८-१९ च्या फायनलमध्ये पहिल्या डावात विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी पुन्हा ५ रन. २०२४-२५ च्या फायनलमध्ये विदर्भ ३७९, केरळ ३४२. आघाडी ३७. मॅच अनिर्णित राहिली आणि रणजीच्या नियमाप्रमाणे पहिल्या डावाच्या आघाडीवर चषक आपला झाला.

उलटं उदाहरणही घ्या. २०२३-२४ च्या फायनलमध्ये मुंबई २२४ आणि विदर्भ १०५. पहिल्याच डावात ११९ नं मागे. दुसऱ्या डावात मुंबईनं ४१८ केले. मग अक्षय वाडकरनं शतक मारलं, विदर्भानं ३६८ काढले, पण समोर ५३८ चं लक्ष्य होतं. १६९ रननी हरलो. चौथ्या डावात ३६८ म्हणजे काही कमी नाहीत. पण पहिल्या डावातलं नुकसान भरून निघालं नाही.

दुकानात पहिला डाव म्हणजे खरेदी आणि दुसरा डाव म्हणजे विक्री. ५० रुपयांचं रजिस्टर तुम्ही ४० ला आणता, १० सुटतात. ठोकवाल्याशी बोलून, रोख देऊन ३८ ला आणलं तर १२ सुटतात. दोन रुपयांचा फरक दिसतो, पण नफा २० टक्के वाढला. तोच नफा विक्रीतून काढायचा तर शंभरच्या जागी एकशे वीस रजिस्टरं विकावी लागतील. महाग खरेदी करून मग काउंटरवर गोड बोलून भरपाई करू म्हणणारा दुकानदार ११९ नं मागे पडून खेळतोय.

६९ मोठे की ६८?

२०२४-२५ च्या मोसमात आपल्या हर्ष दुबेनं ६९ विकेट घेतल्या. रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. आधीचा होता ६८ चा, बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ मधला.

हर्षच्या ६९ विकेट १० मॅचमध्ये, म्हणजे मॅचला ६.९. अमनच्या ६८ विकेट ८ मॅचमध्ये, म्हणजे मॅचला ८.५. मग मोठा कोण? थांबा, अजून एक प्रश्न राहिला : समोर कोण होतं? बिहार तेव्हा प्लेट गटात होता, जिथे बहुतेक टीम रणजीत नव्यानं आलेल्या होत्या. हर्षनं सेमीफायनलच्या दुसऱ्या डावात मुंबईचे पाच काढले. आणि २०१७-१८ चा गुरबानी? ३९ विकेट, पण फक्त ६ मॅचमध्ये. मॅचला ६.५. नुसता ३९ बघितला तर तो हर्षच्या जवळपासही दिसत नाही.

म्हणून एकूण आकडा बघितल्यावर लगेच विचारा : किती संधींमध्ये, आणि कोणत्या परिस्थितीत?

समजा गिफ्टच्या वस्तूंमध्ये तुमचे १० हजार अडकलेत. सहा महिन्यांत माल संपतो आणि ३ हजार सुटतात. पेन-पेन्सिलीत १० हजार आहेत, त्यात महिन्याला ८०० सुटतात आणि माल दर महिन्याला फिरतो. गिफ्ट विकताना छाती फुगते, पण सहा महिन्यांत पेन ४,८०० देऊन जातं. हे कळायला हिशोब "सहा महिन्यांत, अडकलेल्या दहा हजारांवर" असा मांडावा लागतो.

एकाच खांद्यावर किती दिवस?

२०१८-१९ मध्ये वसीम जाफरनं एका मोसमात १०३७ रन केले होते. २०२४-२५ मध्ये हजारापर्यंत कोणीच गेलं नाही, पण यश राठोड ९६०, करुण नायर ८६३, दानिश मालेवार ७८३. वर हर्ष दुबेचे बॅटनं ४७६. फायनलमध्ये २४ वर ३ गेले होते, तिथून मालेवार आणि नायरनं २१५ ची भागीदारी केली. मुंबईविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये दुसऱ्या डावात नायर ६ वर गेला, तर राठोडनं १५१ काढले. एक गेला तर दुसरा उभा.

आणि माणसं जातातच. २०१८-१९ च्या फायनलमध्ये ११ विकेट घेणारा आपला आदित्य सरवटे २०२४-२५ मध्ये केरळकडे होता, आणि त्यानं फायनलमध्ये आपल्याविरुद्धच ७९ केले! तुम्ही तयार केलेला पोरगा समोरच्या दुकानात उभा दिसला की कसं वाटतं, तसंच ते. त्या मोसमानंतर नायरही कर्नाटकात परत गेला. राग धरून उपयोग नाही. वहीत बघा : एकूण विक्रीतला किती भाग एकाच गिऱ्हाइकावर, एकाच शाळेच्या ऑर्डरवर, एकाच कंपनीच्या मालावर आहे? तो उद्या गेला तर महिना निघेल का?

आकड्यांपुढे हात जोडायचे नाहीत

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. २०१७ च्या त्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकाला अजून सहाच रन मिळाले असते तर तो पहिला चषक आलाच नसता. गुरबानी तोच असता, टीम तीच असती, आणि मी आज "विदर्भ का कमी पडला" यावर लेख लिहित असतो. निकाल लागल्यावर कारणं सगळ्यांनाच सापडतात. म्हणून एका मोसमावरून स्वतःला शाबासकी देऊ नका आणि एका मंद दिवाळीवरून दुकान बंद करायचंही ठरवू नका. तीन-चार मोसम बघा. विदर्भानं आठ मोसमांत चार फायनल खेळल्या. पाच रनचं नशीब एकदा लागतं, चार फायनल नशिबानं होत नाहीत.

आजचा गृहपाठ

१. मागच्या ३० दिवसांची रोजची विक्री कागदावर लिहा.
२. एकूण बेरजेला ३० नं भागा. ही सरासरी.
३. आता आकडे लहान ते मोठे लावा. पंधरावा आणि सोळावा घ्या, बेरीज करून दोननं भागा. हा मध्यक.
४. दोन्हींत मोठा फरक असेल तर तुमचं दुकान एखाद्या ३०३ वर चाललंय. तो दिवस कोणता, ते शोधा.
५. तुमचे हप्ते आणि पगार कोणत्या आकड्यावर बांधलेत, ते खरं-खरं लिहा.

पाचवा मुद्दा टाळू नका राजेहो. मी टाळला होता. पोत सोडवायला मला चौदा महिने लागले.

पुढच्या व्हिडिओत उधारीचा हिशोब घेऊ. तोपर्यंत वही भरत राहा!